हात मोकळे होईपर्यंत

माणसांना स्टेजवरून खाली उतरवणं ही माझी नोकरी होती. उमरखेडच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या मुलीला याहून योग्य काम दुसरं कोणतं असणार? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी डेपोतल्या प्रत्येकाला पेढा दिला आणि सांगितलं, "आता आमची सुनंदा खुर्चीत बसून लोकांचे निर्णय करणार." बाबांचा शब्द खरा झाला. मी खुर्चीत बसले आणि निर्णयही केले. समोर एक गृहस्थ सुताराची करवत गुडघ्यात धरून व्हायोलिनसारखी वाजवत होते, एवढा तपशील मी फोनवर गाळला. बाबांना अखेरपर्यंत वाटत होतं की मी न्यूझीलंड सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहे. मीही ते खोडून काढलं नाही. ज्या पदवीसाठी त्यांनी हात काळे केले, तिचा असा उपयोग होतोय हे सांगायला जीभ रेटेना.

न्यूझीलंडमधल्या ओटाहुहु या उपनगरात, मुख्य रस्त्यामागे एक जुनं थिएटर आहे. शंभरेक वर्षांपूर्वी ते 'व्हरायटी'साठी बांधलं गेलं. व्हरायटी म्हणजे एकामागून एक गाणं, जादू, कसरत, नकला, शिकवलेली कुत्री. आपल्या गणपतीतल्या विविध गुणदर्शनाला तिकीट लावलं की व्हरायटी झाली. पुढे तिथे सिनेमे लागले, मग गालिच्यांचं गोदाम झालं. मग जुन्या वास्तूंवर प्रेम करणाऱ्या काही लोकांनी ते सोडवलं, रंगवलं आणि दर हिवाळ्यात एक आठवडा पुन्हा व्हरायटी सुरू केली. माझे पती विलास इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट झाले म्हणून आम्ही इथे आलो आणि मी त्या थिएटरच्या तिकीट खिडकीत बसले.

तिथून परीक्षकाच्या खुर्चीत कशी गेले? आधीचा परीक्षक ऑस्ट्रेलियाला गेला. इथली बरीच चांगली माणसं तिकडेच जातात. तेव्हा बेरिलनं मॅनेजर ग्रॅहमला सांगितलं, "खिडकीतल्या सनीला बसव. मी तिला वर्षभर बघतेय. ती कशालाच हसत नाही."

ही माझी पात्रता. बी.कॉम. नंतरची.

बेरिल म्हणजे आमच्या थिएटरची ताटलीवाली. लांब काठ्यांच्या टोकांवर चिनी मातीच्या ताटल्या फिरत्या ठेवायच्या, एक मंदावली की धावत जाऊन तिला पुन्हा गती द्यायची, हा तिचा खेळ. आईवडील फिरत्या व्हरायटीत होते. ती चालायच्या आधी स्टेजवर आली असं ती सांगे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माउंट रॉस्किलच्या सरकारी घरातून दोन बस बदलून यायची आणि ताटल्या आणायची एका जुन्या बाबागाडीत, दुपट्यात गुंडाळून. बसमधल्या बायका कौतुकानं आत वाकून बघत. बेरिल गंभीरपणे सांगे, "झोपलेत सगळे."

पहिल्या दिवशी मी आपल्या रीतीनं तिला 'मिसेस' म्हणून हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं, कोण बाई आली म्हणून. तेव्हापासून बेरिल.

धंदा तिनेच शिकवला. मार्चमधले सोमवार निवडीचे. थिएटर रिकामं, मी मधल्या रांगेत, माझ्या हातात दारावरच्या घंटीसारखं एक बटण. कलाकाराला तीन मिनिटं. पसंत पडला नाही की बटण दाबायचं. स्टेजच्या काठावरचा लाल दिवा लागतो आणि माणूस आभार मानून निघून जातो. या देशात लाल दिवा बघूनही लोक आभार मानतात. सुरुवातीला मला ते फार सुसंस्कृत वाटलं, मग भीती वाटायला लागली.

"एकच नियम पाळ," बेरिल म्हणाली होती. "त्याचे हात भरलेले असताना दिवा लावायचा नाही. चाकू हवेत असेल, पेटता पोत हातात असेल, ताटली फिरत असेल, थांब. हात मोकळे होऊ देत. मग काय ते कर."

"आणि गाणाऱ्यांचं काय? त्यांचे हात तर मोकळेच असतात."

"म्हणून तर गाणारे जास्त पडतात, लव्ह."

कार्यक्रमाचा क्रम लावण्याचंही शास्त्र आहे. सगळ्यात आधी न बोलणारा खेळ, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात. बोललेलं कोणाला ऐकू जाणार? ती जागा बेरिलची. सगळ्यात उत्तम खेळ मध्यंतराच्या आधी. आणि सगळ्यात शेवटी मुद्दाम एक कंटाळवाणा खेळ, म्हणजे प्रेक्षक आपापल्या पायांनी घरी जातात. जुन्या काळी म्हणे यासाठी खास माणसं ठेवत. मला तशी माणसं शोधावी लागली नाहीत. ती आपणहून येत आणि सगळ्यात आधी येत.

काही मात्र विसरता येत नाहीत. वायकाटोकडचा एक शेतकरी मेंढ्या वळणारा कुत्रा घेऊन आला. मेंढ्या आणायला परवानगी नव्हती म्हणून तीन बदकं आणली होती. कुत्र्यानं ती स्टेजच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अगदी शिस्तीत नेली आणि आता पुढे काय, अशा नजरेनं मालकाकडे बघत बसला. तेवढ्यात एका बदकानं स्टेजसमोरच्या वादकांच्या खड्ड्यात उडी मारली, मागोमाग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कुत्रा जागचा हलला नाही. खड्डा त्याच्या कामात येत नव्हता. मी शेतकऱ्याला सांगितलं, "तुमची बदकं कलावंत आहेत, कुत्रा नोकरदार आहे." त्याला ते मनापासून पटलं. पुढच्या वर्षी तो नुसती बदकं घेऊन आला.

'ते रापा' नावाच्या गावातल्या दूध कारखान्यातला एक जादूगार होता. तो मोकळ्या किटलीतून दूध ओतत राही. किटली रिकामी झाली असं वाटावं की पुन्हा दूध. मोठा विलक्षण खेळ, पण दिवसभर दुधातच काम करून आलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका वैताग असे की प्रेक्षकांना त्याची दया येई. आणि आपले एक डॉक्टर, मोठे भूलतज्ज्ञ. ते नकला करत. ज्या नटांच्या नकला करायचे त्यांतला एकही इथल्या कोणाला माहीत नव्हता. मी दिवा लावला. डॉक्टर म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही तरी!" मी म्हणाले, "डॉक्टर, भूल देण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही." ते खूश होऊन गेले. घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण रात्री त्यांच्या सौभाग्यवतींनी मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं.

हा ग्रुप म्हणजे आमचं मराठी मंडळ. दिवाळीचा कार्यक्रम मंडळ आमच्याच थिएटरात करी आणि क्रम लावायला मला सांगे. घरचीच तज्ज्ञ! पहिल्या वर्षी मी शास्त्राप्रमाणे सुरुवातीला न बोलणारा योगासनांचा खेळ ठेवला. पडदा उघडला तेव्हा थिएटरात योगासनं करणाऱ्यांचे आईवडील होते आणि ग्रॅहम होता. आपले लोक कार्यक्रमाला येतात, सुरुवातीला येत नाहीत. शेवटी घरी पाठवणारा कंटाळवाणा खेळ ठेवला, एका गृहस्थांचं बासरीवादन. कोणी हललं नाही. जेवण त्यानंतर होतं ना! बासरीवाल्यांना वाटलं आपण रंगलो. त्यांनी आणखी एक राग घेतला.

पण मंडळानं मला एक गोष्ट शिकवली, जी बेरिलच्या शास्त्रात नव्हती. आमच्याकडे दामलेकाका दरवर्षी गात. आवाज गेला होता, ताल कधी फारसा आलेलाच नव्हता. त्यांना कोण सांगणार? अध्यक्ष पाठकसाहेब पुण्याचे, कसलेले. त्यांनी दामलेकाकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, 'प्रदीर्घ सेवा', 'आम्हा सर्वांचे प्रेरणास्थान'. दामलेकाका शाल पांघरून खाली आले आणि पुढच्या वर्षीपासून तिसऱ्या रांगेत बसून चुकीच्या मात्रेवर टाळ्या वाजवू लागले. माईककडे पुन्हा गेले नाहीत. सगळ्यांना सगळं समजलं आणि कोणाला काही बोलावं लागलं नाही. लाल दिव्यापेक्षा कितीतरी सभ्य! उमरखेडला आमचे हेडमास्तर असेच गेले होते. आपल्या माणसांना हे आईच्या दुधाबरोबर मिळतं: ज्याचा सत्कार झाला, त्यानं आता बसायचं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बेरिलच्या ताटल्या पडल्या.

तिचे हात थरथरायला लागले होते. मला दिसत होतं, तिला दिसत होतं, आम्ही दोघी त्याविषयी सोडून सगळ्याविषयी बोलत होतो. तिसऱ्या प्रयोगाला एक ताटली स्टेजवर फुटली. दुसरी हवेतून गेली आणि पहिल्या रांगेतल्या एका नगरसेवकाच्या मांडीवर, आईस्क्रीमच्या कपात, पडली. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट. नगरसेवकही उठून वाकले. ग्रॅहम मात्र हसला नाही.

"पुढच्या वेळी कोणाच्या डोळ्यात जाईल," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "मला विमा बघावा लागतो, सनी. तिला थांबवायला हवं. परीक्षक तू आहेस."

"ती निवडीला कधी आलीच नाही. ती कायमची आहे."

"मग या मार्चमध्ये तिला सगळ्यांसारखं यायला सांग. आणि दिवा लाव."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं बरोबर होतं, आणि तेच अवघड होतं. बेरिलकडे त्या पहिल्या जागेखेरीज काय होतं? वर्षभर ती त्या एका आठवड्यासाठी जगायची. दुकानात भेटली तर 'कशी आहेस'ऐवजी 'या वर्षी माझ्यानंतर कोण?' विचारायची. आणि मला त्या खुर्चीत बसवलं होतं तिनेच. तिच्यावर दिवा मी लावणार?

मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं. विलास म्हणाले, "तू तिला समजावून सांग." नवऱ्यांचे सल्ले असेच असतात, औषध बरोबर, ते घेणार कसं ते सांगत नाहीत. आमची अस्मिता इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल हर द ट्रुथ."

"मोठ्या माणसांना असं तोंडावर सांगत नाहीत, बाळा."

"देन हू टेल्स देम?"

या प्रश्नावर मी तिला आणखी एक पोळी वाढली.

आणि मला उत्तर सापडलं. मी पाठकसाहेबांना फोन केला. "स्थानिक ज्येष्ठ कलावंताचा आपल्या मंचावर सत्कार करावा असं वाटतं." ते इतके हरखले की भाषण फोनवरच सुरू झालं. शाल मी माउंट रॉस्किलच्या साडीच्या दुकानातून आणली, चांगली लांब, जरीकाठी. नारळाला शेंडी हवी असा पाठकसाहेबांचा आग्रह होता. ओटाहुहुच्या बाजारात बेटांवरून आलेले नारळ ढिगानं मिळतात, पण सगळे सोललेले. टोंगाच्या दुकानदार मावशींना मी शेंडीविषयी खूप समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "केस हवेत? केस कोण खातं?" शेवटी बिनशेंडीचाच घेतला. पाठकसाहेबांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं.

इथली दिवाळी वसंतात येते. बेरिल निळा ड्रेस घालून आली. पाठकसाहेब प्रदीर्घ सेवेवर प्रदीर्घ बोलले. मी शाल तिच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. तिनं तो एका तळहातावर तोलून पाहिला, मग दुसऱ्या. सगळं थिएटर उभं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मला वाटलं, सुटले. कोणालाही न दुखवता. ग्रॅहमला मी सांगितलं, "झालं. आता ती येणार नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो."

"स्वीट अ‍ॅज," ग्रॅहम म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'. बेरिल मराठी नाही, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

मार्चचा पहिला सोमवार. पहिलंच नाव बेरिलचं.

ती बाबागाडी ढकलत आली. गाडीत ताटल्या नव्हत्या. तिनं स्टेजच्या मध्यावर एक खुर्ची ओढली आणि बसली. आयुष्यभर धावलेली बाई बसून काय करणार? माझा अंगठा बटणावर होता. ग्रॅहम मागे दारात उभा होता.

तिनं गाडीतून सत्काराची ती शाल आणि नारळ काढला, शाल दोन्ही हातांत घट्ट ताणून धरली आणि त्या काठावर नारळ ठेवला.

नारळ घरंगळला. डाव्या हाताकडून उजव्याकडे, पडणार पडणार म्हणेपर्यंत परत डावीकडे. जरीच्या काठावरून मुंगी चालावी तसा. ताणलेल्या कापडावर नारळ स्थिर राहूच शकत नाही; त्याला सतत थोडं थोडं हलवत ठेवावं लागतं. तिचे हात थरथरत होते आणि ती थरथर आता कामाला लागली होती. मध्येच तिनं तो वर उडवला, शालीची झोळी करून झेलला, पुन्हा काठावर आणला. एकदा पडलाही. धप्प! कोणाला काही झालं नाही. तिनं खुर्चीला अडकवलेल्या छत्रीच्या बाकदार मुठीनं बसल्या बसल्या तो ओढून घेतला, जणू पडणं ठरलेलंच होतं, आणि ग्रॅहमकडे बघून म्हणाली, "ताटली पडली की काचा. हा पडला तर फार तर खोबरं."

तीन मिनिटं होऊन गेली. ती थांबेना. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली, आणि मला कळलं. तिचे हात भरलेले होते. नियम तिचाच होता. मी दिवा लावू शकत नव्हते, आणि ती हात मोकळे करणार नव्हती.

मी बटण बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. मग टाळी वाजवली. ग्रॅहमनंही मागून वाजवली, आणि विम्याच्या दृष्टीनं हा नारळ पहिल्या रांगेपासून किती लांब ठेवायचा ते विचारलं.

नंतर चहा पिताना मी अडखळत म्हणाले, "बेरिल, तो सत्कार... तुला वाटलं असेल..."

"मला सगळं कळलं होतं, लव्ह. सगळे असे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले की समजायचं. आमच्या वेळी त्यासाठी लिलीची फुलं पाठवायचे. माझ्या आईला दिली होती." तिनं बिस्किट चहात बुडवलं. "लिलीचं काहीच करता येत नाही. तुझ्या लोकांनी निदान सामान दिलं."

"रागावलीस?"

"दोन बस बदलून मी घरी गेले तोवर रागावलेली होते. मग खुर्चीत बसले आणि तो नारळ मांडीवरच्या शालीवरून आपणहून घरंगळायला लागला." कप खाली ठेवून ती म्हणाली, "पण पुढच्या वेळी तोंडानं सांग. मी परीक्षक म्हणून तुला बसवलं होतं, पुजारी म्हणून नाही."

अस्मिताला हे सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "टोल्ड यू." तिच्या पिढीची मराठी अशी थोडक्यात असते.

बेरिलनं त्यानंतरही हिवाळ्यामागून हिवाळे पहिली जागा सांभाळली. दरवर्षी ओटाहुहुच्या मावशी तिला गोल बघून नारळ निवडून देत. केसांविषयी कोणी बोलत नसे.

या वर्षी मी निवृत्त झाले. लगेच पाठकसाहेबांचा फोन आला. आवाजात मध होता. "सुनंदाताई, दिवाळीत आपला सत्कार करायचं ठरतंय." पूर्वी मी लाजून 'कशाला, कशाला' म्हटलं असतं. या वेळी म्हणाले, "जरूर करा. शाल लांब आणा. आणि नारळ शक्यतो गोल."

सत्काराआधी एकदा सराव करावा म्हणून एका दुपारी थिएटरात गेले. रिकामं होतं. बेरिल आता काठी टेकत चालते, पण मुद्दाम आली आणि माझ्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली. बटण हातात. मी तिची खुर्ची स्टेजच्या मध्यावर ओढली, तिचीच शाल ताणली, बाबांची आठवण काढली आणि काठावर नारळ ठेवला.

तो एकदा उजवीकडे गेला. डावीकडे येताना सटकला आणि गडगडत वादकांच्या खड्ड्यात गेला, बदकांच्या मागोमाग.

शाल मांडीवर पडली आणि मी दोन्ही मोकळे हात तसेच धरून बसले. स्टेजच्या काठावर लाल दिवा लागला होता.

मी उठून आभार मानले.